चौदाशेत चार रोट्या

वजन दहा किलो उतरल्याशिवाय पोटाला हात लावणार नाही, असं सर्जननं सांगितलं तेव्हा मला आधी हसूच आलं. हर्नियाची गाठ माझ्या पोटात, ती कापून घ्यायला मी तयार, आणि हे म्हणतात आधी बारीक होऊन या. मग हसू गेलं. मी कलबुर्गीत मुलींच्या एका खासगी वसतिगृहात स्वयंपाकाला आहे. गाठ झाल्यापासून मोठी पातेली उचलता येत नव्हती. वॉर्डन अक्कांनी मला काढलं नाही. भाकरी थापायचं आणि स्टोअर सांभाळायचं काम दिलं. "पण दिवाळीपतोर ऑपरेशन उरकून घे," म्हणाल्या. "पुढं मला पातेली उचलणारी बाई लागती." सहावीतून शाळा सुटलेली मी, ठाणाकुशनूरहून इतक्या लांब आलेली. मला दुसरं कोण ठेवून घेणार होतं?

अक्का बसवकल्याणच्या, मराठी बोलतात. होळी झाल्यावर आहाराच्या बाईंकडं त्यांनीच मला नेलं. त्या बाई तरुण, हैदराबादकडच्या, हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी उंची मोजली, वजन केलं, एक्क्याऐंशी भरलं. वय विचारलं. मी दाखल्यावरचं सांगितलं. माय सांगते त्यात आणि दाखल्यात दोन वर्षांचा फरक आहे, गुरुजी एक जून टाकून मोकळे झाले होते. याच वयावरून खाणं ठरणार म्हणाल्या. दोन वर्षं चुकली तर घास चुकतील का? विचारलं नाही. अक्का शेजारी बसल्या होत्या, त्यांना आपल्यामुळं खाली बघायला लागू नये असं वाटत होतं.

बाईंनी आकडे फोनमध्ये घातले. नुसतं पडून राहिलं तरी अंगाला इतक्या कॅलरी लागतात, कामाला आणखी इतक्या, त्यातल्या रोज पाचशे कमी करायच्या. उरल्या चौदाशे. एवढं मला समजलं, आणि समजलं म्हणून बरं वाटलं. मग त्यांनी चौदाशे कागदावर वाटून दिले. सकाळी काय, दुपारी काय, भाजी किती, तेल किती. "और दिन में चार रोटी, बस."

चार! मी पाच खायची. म्हणजे एकच सोडायची होती. बाहेर येऊन मी अक्कांच्या पाया पडले. माणसं किती चांगली असतात असं त्या दिवशी खरंच वाटलं होतं.

दोन महिने मी कागदाबाहेर गेले नाही. बिनसाखरेचा चहा प्याले. भाजीला तेल मोजून चमच्यानं. मुलींच्या ताटात शेंगदाण्याची चटणी वाढायची आणि बोट पदराला पुसायचं. दोन महिन्यांनी काट्यावर उभी राहिले तर साडेऐंशी.

"अम्मा, सच बोलो," बाई म्हणाल्या.

मी खरंच बोलत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही, अक्कांकडं बघितलं. वसतिगृहात आल्यावर अक्कांनी हात पुढं केला. "स्टोअरची किल्ली दे."

"कामून अक्का?"

"कामून म्हणून मलाच विचारायलीस? गूळ, शेंगदाणे समोर असल्यावर हात जातोच की. मी रागावले का? तुझ्यासाठीच करायले."

मी किल्ली दिली. आजवर चिमूटभर मीठ मी त्यांना न विचारता घेतलं नव्हतं.

आठच दिवसांनी मी एकटीच गेले, डबा घेऊन. आपण काय खातो ते दाखवायचंच, असं ठरवलं होतं. बाईंच्या टेबलावर फडकं सोडलं, भाकरी उलगडली. त्यांचा सगळा कागद तिच्याखाली झाकला गेला.

"ये क्या है?"

"रोटी."

बाईंनी ती छोट्या काट्यावर ठेवली, फोनमध्ये काही बघितलं आणि हसायलाच लागल्या. "अम्मा, ये एक तो मेरी चार रोटी है!" शेजारच्या खोलीतल्या मुलीला हाक मारून त्यांनी तिलाही ती दाखवली.

त्यांची रोटी म्हणजे तळहाताएवढा फुलका. आमच्याकडं गव्हाची ती चपाती, आणि रोट्टी म्हणजे ज्वारीची भाकरी. कन्नडमध्ये तेच म्हणतात, मेसमधल्या मुली तेच म्हणतात, मीही आता तेच म्हणते. चौदाशेपैकी जवळजवळ सगळे मी भाकरीतच संपवत होते, वरची भाजी, वरण, ताक वेगळं. दोन महिन्यांचा बिनसाखरेचा चहा पाण्यात गेला. कुठली रोटी, हे त्यांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. बोलणी मात्र एकटीनं खाल्ली. बाईंनी नवा कागद दिला, दिवसाला एक भाकरी, अर्धी दुपारी, अर्धी संध्याकाळी.

मी धावतच अक्कांकडं गेले. "अक्का, मी चोरून खाल्लं न्हाई. रोटीचा घोळ झाला हो." सगळं सांगितलं.

त्या ऐकून हसल्या. "दोन महिने तुला कळलं न्हाई व्हय? बरं, झालं ते झालं. मी काय मनात ठेवलं न्हाई."

जे मी केलंच नव्हतं ते त्यांनी माफ केलं. आवाज इतका मायेचा होता की पुढं बोलायची सोयच राहिली नाही.

तेव्हापासून सकाळी दीडशे भाकरी थापायच्या आणि दुपारी त्यातली एक घेऊन अर्धीच खायची. पहिले पंधरा दिवस तव्यावरचा वास आला तरी रडू यायचं. पण वजन उतरलं. दसऱ्याच्या तोंडावर काटा एक्काहत्तरवर आला आणि सर्जननं तारीख दिली.

त्या दुपारी जेवणघरात अक्कांनी सगळ्या मुलींना सांगितलं, "बघा गं, हिचं चोरून खाणं बंद केलं अन् कशी उतरली. आपल्या माणसाला कधी कधी आवरावं लागतं." मुली हसल्या, दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात भाकरीची दुरडी होती. मीही हसले. ऑपरेशनच्या कागदावर नातेवाईक म्हणून सही अक्काच करणार आहेत. इथं माझं दुसरं कोणी नाही.