टाकीवरचा ठोका

मामाजी, म्हणजे माझे सासरे, माझ्याशी बोलत नसत, टाकीशी बोलत. सासऱ्याने सुनेशी थेट बोलू नये, ही आमच्या तिरोड्याच्या घरची रीत. सकाळी न्हाणीवरच्या टाकीकडे मान वर करून ते विचारत, "टाकीबाई, चहा झाला का?" मी आतून कप खळकन ठेवला की तेच टाकीचं उत्तर.

गोंदिया जंक्शनवर इंजिनाला पाणी पाजणारी टाकी पाहून त्यांनी सुनेच्या डोक्यावरची घागर उतरवायचं मनावर घेतलं. न्हाणीवर सागाच्या तुळया टाकून लोखंडी टाकी चढवली. शेजारी म्हणाले, "काऊन जी, घरात रेल्वे आणून राहिले का?" मामाजींचं लक्ष मिस्त्रीकडे. "नळाची नळी तळापासून चार बोटं वर लाव. गाळ खाली बसला पाहिजे. पण वर्षातून एकदा तो काढाच लागते, नाही तर सारं पाणी नासते."

विहिरीवरच्या हातपंपाने पाणी ते स्वतः वर चढवत. टाकी भरली की जादाचं पाणी माझ्या चुलीसमोरच्या खिडकीबाहेर पडे. मग मी पंपाकडून वर चढणाऱ्या पाइपावर पळीचा ठोका द्यायचा, की पंप थांबे.

एका वर्षी पोळ्याला त्यांनी मला माहेरी, नवेगाव बांधला, धाडलं नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेर पाणी पडायला लागलं. पळी हातात होती. ठोका दिला नाही. दमू दे म्हाताऱ्याला! पंपाची करकर मंदावली, अडखळली आणि एकाएकी बंद पडली. धावले, तर मामाजी विहिरीच्या कठड्याला टेकून पांढरेफटक. "मामाजी!" त्या घरात माझा आवाज पहिल्यांदा एवढा मोठा निघाला.

ते वाचले. सुनेनं वाचवलं, असं गावभर झालं. न बोलण्याची रीतही त्या हाकेनं मोडली. पण बोलता येऊ लागलं तरी खरं बोलता येईना.

पुढच्या उन्हाळ्यात गाळ काढायला मी टाकीत उतरले. बादली घ्यायला मामाजी खाली उभे. तोंड दिसत नव्हतं, म्हणून धीर आला. टाकीतूनच मी म्हणाले, "मामाजी, त्या दिवशी पाणी मला दिसत होतं. मुद्दाम ठोका दिला नाही."

खालून मामाजींचं हसू ऐकू आलं.

"मले का ऐकू येत नव्हतं? पाणी धो धो पडून राहिलं होतं! म्हटलं, पाहू, सून आधी ठोकते का मी आधी थांबतो. हरलो मीच." मग हळूच, "माहेरी धाडाले पाहिजे होतं तुले. घर खायले उठते म्हणून नाही धाडलं. दे बादली."

टाकीतच बसून मी रडले. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! पुढच्या पोळ्याआधी ते स्वतः मला नवेगावला पोचवून आले.

आता मामाजी नाहीत. पंप बटणावर चालतो. टाकी भरली की मी बटण बंद करते आणि पाइपावर एक ठोका देते. उगाच कोणी खाली पंप मारत राहू नये.