दुपट्ट्याखालचा भाव

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी आमच्या संत्र्याच्या बागेचा सौदा दोन लाख पंच्याहत्तर हजारांना झाला. हजर तिघे: बाबा, व्यापारी चाचा आणि मी. एवढं मी खात्रीनं सांगू शकतो.

बाग अमरावतीजवळच्या गावी, दोनशे दहा झाडांची. मी नोकरीनिमित्त अकोल्यात. फेब्रुवारीत बाबांना लकवा झाला, तेव्हापासून ते माझ्याकडे. उजवा हात लुळा पडला, आणि बोलणं विस्कटलं. पाणी हवं असलं की ‘चहा’ म्हणत, आणि चहा आणला की माझ्यावर चिडत. अकोल्यात वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे मी त्यांना आठवड्यातून दोनदा नेत असे. बाई म्हणाल्या, हा वाचाघात. मनातला शब्द आणि तोंडातला शब्द एकच असेल असं धरू नका, ‘हो’ आणि ‘नाही’सुद्धा. मी विचारलं, आकडे? त्या म्हणाल्या, आकडेही.

म्हणजे हिशेब डोक्यात शाबूत आहे की नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता. सौदा आजवर बाबांनीच केला होता. या वेळी चुकला तर पुढच्या बहारापासून व्यवहार मी हाती घ्यायचा, असं मी ठरवलं होतं. बाबांना ते न सांगताच कळलं असावं. त्या सकाळी सौद्यासाठी गावी येताना ते खिडकीकडे तोंड करून बसले.

चाचा बाग फिरून आले आणि बाजेवर बसले. “बोला भाऊ, किती?”

बाबा म्हणाले, “एक साठ.”

शेजारची तशीच बाग दोन चाळीसला गेली होती. मी घाईनं विचारलं, “बाबा, दोन साठ म्हणायचं का तुम्हाले?”

“हो.”

“का एक साठच?”

“हो.”

मी डायरीचं पान फाडून त्यावर तीन आकडे लिहिले. बाबांनी पहिल्यावर बोट ठेवलं, मग तिसऱ्यावर, मग कागदच ढकलून दिला.

“कागद काहून दाखवून राहिला बेटा?” चाचा म्हणाले. “परीक्षा आहे का त्याची? तीस वर्षं तुह्या बापानं माझी बोटं दाबून जीव खाल्ला, तवा तू कुठी होता?”

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला. आमच्याकडे जुने लोक भाव तोंडानं करत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं धरून करतात, बघणाऱ्याला कळू नये म्हणून. बाबांनी उजवा हात उचलायचा प्रयत्न केला.

“उजव्याले जोर नाही तं डावा दे ना भाऊ. बोटं तं तेवढीच आहेत.”

दुपट्टा हलत होता. चाचांनी दोनदा मान हलवून नकार दिला, एकदा हात काढूनही घेतला. “लकवा झाला तरी लुटणं नाही सोडलं यानं,” ते मला म्हणाले आणि हात पुन्हा आत घातला. बाबांचा चेहरा सात महिन्यांत पहिल्यांदा ताणलेला नव्हता.

“झालं. दोन पंच्याहत्तर,” चाचा म्हणाले.

शेजारच्या बागेपेक्षा पस्तीस हजार जास्त. मी बाबांना विचारलं, “बरोबर?” ते म्हणाले, “एक साठ,” आणि हसले.

चाचांना मी फाटकापर्यंत सोडायला गेलो. “खरं सांगा चाचा, त्यांनी किती दाबलं? का तुम्हीच दया म्हणून वाढवलं?”

“दुपट्ट्याखाली कोण किती बोललं ते बाहेर सांगत नसतात,” ते म्हणाले. “अन दया कराले मी धंदा करून राहिलो का?”

अकोल्याला बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, वर्षानुवर्षांची हाताची सवय कधी कधी टिकते. पण डाव्या हातात, तीही आकड्यांची सवय, टिकली का, हे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. मग मी घरी टॉवेलखाली बाबांपुढे हात धरला. त्यांनी माझी दोन बोटं दाबली, मग चार, मग अंगठ्याजवळ काहीतरी केलं. मला काही उमजलं नाही. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा सगळं तसंच केलं, हळू. ही बोटं मी त्यांच्याकडून कधी शिकलोच नव्हतो. बाबांचं चुकत होतं की माझं, हे आमच्या दोघांत सांगणारं कोणी नव्हतं.

सौद्याच्या दिवशी इसार म्हणून पन्नास हजार बाबांना आगाऊ मिळाले होते. तोडणी संपल्यावर चाचा उरलेले दोन लाख पंचवीस हजार घेऊन आले. मी हात पुढे केला. त्यांनी तो ओलांडून पाचशेंच्या साडेचार गड्ड्या बाबांच्या डाव्या हाताशी ठेवल्या. बाबांनी “दोन, सात, दोन” असं मोजत चार एकावर एक रचल्या आणि अर्धी वेगळी ठेवली. एकूण दोन लाख पंच्याहत्तर हजार, सगळे बाबांना.