मुकं पाणी

गड चढायची हौस मला कधीच नव्हती. आमच्या गावामागे डोंगर, डोंगरावर गड, त्यामुळे लहानपणी गड म्हणजे शेळ्या हरवण्याची जागा एवढंच माहीत. आता शनिवार-रविवारी पुण्या-नाशिकची पोरं पाठीवर सॅक टाकून येतात, पडक्या बुरुजावर उभं राहून खालच्या द्राक्षबागांचे फोटो काढतात आणि काय सुंदर, काय सुंदर करत उतरतात. असेल सुंदर. मी शेवटची वर गेले ती चैत्रात, थोरल्या भावाबरोबर, आणि त्या वाटेनं परत जायची माझी अजिबात इच्छा नाही.

आण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, थंडीत लकवा मारला. उजवी बाजू थोडीफार परत आली, पण वाचा गेली ती गेलीच. आता आमच्या आण्णांचा आवाज म्हणजे काय चीज होती हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. बागेच्या या टोकाला उभे राहून हाळी दिली की डोंगराच्या उतारावरचा गुराखी मागे वळून बघायचा. मजुरांना हाका, बैलांना शिव्या, नातवंडांची टिंगल, सगळं त्याच एका पट्टीत. त्या माणसाच्या तोंडून नुसतं ‘हं’ यायला लागलं. समजायचं सगळं. डोळ्यांत शब्द दिसायचे, ओठ हलायचे, आणि शेवटी ‘हं’. मग चिडून डाव्या हातानं चादर ओढायचे. संगमनेरच्या दवाखान्यात बोलायला शिकवणारी एक मुलगी होती, ती केळ्याचं चित्र दाखवून हे काय म्हणून विचारायची. उभा जन्म द्राक्षबागेत घालवलेल्या माणसाला केळं! आण्णांनी तोंड फिरवलं, ते पुन्हा तिकडे बघितलंच नाही.

मग दादानं गडावरच्या देवीला मुक्या पाण्याचा नवस बोलला. आमच्याकडची ही जुनी रीत. पायथ्याच्या बारवेतून तांब्याची कळशी भरायची आणि अनवाणी वर नेऊन देवीवर घालायची. कळशी भरल्यापासून घालेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. कळशी जमिनीला टेकवायची नाही. बरोबर येणाऱ्यालाही हाच नियम. कुणी बोललंच, तर आहे तिथं पाणी ओतून द्यायचं आणि परत खाली जाऊन पहिल्यापासून सुरुवात. गंमत अशी की वर देवीच्या पुढ्यातच कातळात खोदलेली टाकी आहेत, बारा महिने भरलेली. आण्णा यावरून लोकांची कायम चेष्टा करायचे. म्हणायचे, वर काय पाण्याची टंचाई हाय व्हय?

मी नगरला राहते. दादाचा फोन आला तेव्हा माझं डोकंच फिरलं. डॉक्टर सांगतात रोज बोलायला लावा, आणि तू मुका होऊन डोंगर चढणार? बरंच ऐकवलं मी त्याला. तो शांतपणे म्हणाला की एकट्यानं केलेलं चालत नाही, रक्ताचं माणूस बरोबर लागतं, तू ये. मी आदल्या दिवशीच जाऊन हजर झाले. माझा विश्वास नव्हता, पण नाही म्हणायची छातीही नव्हती. आपल्यातल्या बहुतेकांचं असंच असतं.

पहाटेच निघायचं ठरलं होतं. पण नेमकी बागेच्या खरड छाटणीची, म्हणजे उन्हाळी छाटणीची, माणसं त्या दिवशी आली, त्यांना कामाला लावल्याशिवाय दादाचा पाय निघेना. बारवेवर पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. माझा मोबाईल गाडीत चार्जिंगला लावून ठेवला. दादाचा त्याच्या सदऱ्याच्या खिशात. त्यानं कळशी बुडवली, खांद्यावर घेतली, माझ्याकडे बघितलं, आणि तिथून आम्ही दोघं मुके.

पायथ्याचं जंगल वन खात्यानं राखलेलं आहे, साग, धावडा, मधूनमधून करवंदाच्या जाळ्या. चैत्रात सागाला पान नसतं. सगळी पानं खाली पडलेली आणि अनवाणी पायाखाली ती सरकतात. सावली कसली ती नाहीच. अर्ध्या वाटेवर माझ्या पायांत गोळे आले, गुडघा बोंबलायला लागला, पण दादाला थांब म्हणायची सोय नाही. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. दर चार पावलांनी तो कळशी या खांद्यावरून त्या खांद्यावर करत होता. पाणी हिंदकळून त्याची पाठ भिजली होती आणि मला त्याचा राग येत होता आणि दयाही येत होती.

मोडक्या दरवाजापाशी ट्रेकिंगवाल्या पोरांचा घोळका भेटला. एका मुलीनं विचारलं, काका, टाक्यांकडे कुठून जायचं? दादा नुसताच पुढे निघाला. मी हातानं वाट दाखवली. मागून ती मैत्रिणीला हळूच म्हणाली की बिचारे दोघंही मुके आहेत वाटतं. मला हसू आलं, आणि मग एकदम आण्णा आठवून ते विरलं.

दरवाजा ओलांडला की तटाची पडकी भिंत लागते. तिथून खालचा सगळा मुलूख दिसतो. त्या दिवसांत बागा हिरव्या नसतात. माल निघून गेलेला, छाटणी झालेली, नुसते खोडांचे आणि तारांचे तांबूस पट्टे. आमची बाग मला ओळखू आली, कारण अर्धी छाटलेली होती आणि अर्धी राहिली होती. तिथंच मोबाईलला रेंज येते. सगळ्या डोंगरात ती एकच जागा.

आणि दादाचा फोन वाजला.

खिशातून आरतीचा आवाज यायला लागला. दादा थांबला. दोन्ही हात कळशीला. मी त्याच्या खिशाकडे हात नेला तर त्यानं मान हलवली, नाही. पडद्यावरचं नाव सदऱ्याच्या पातळ कापडातून दिसत होतं, घरूनच फोन होता, म्हणजे वहिनी. घरून फोन म्हणजे आण्णांचं काहीतरी. फोन बंद झाला. पुन्हा वाजला. मी दादाचा दंड धरला. त्यानं माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. डोळ्यांत पाणी, आणि तरी मान नाहीच. देवीची कपार वर समोर दिसत होती. आता उचलला तर तोंडातून शब्द जाणारच, मग सगळं पाणी ओतायचं, पुन्हा खाली जायचं, आणि त्याच्यात पुन्हा चढायचं बळ नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. फोन वाजत राहिला. मग तोही थांबला.

उरलेली वाट आम्ही जवळजवळ पळत गेलो. दादानं शेंदराच्या त्या दगडावर पाणी घातलं, कपाळ टेकवलं आणि उठला तो थेट तटाकडे धावला, कारण कपारीत रेंज नाही. मी लंगडत मागे. पोचले तेव्हा तो फोन कानाला लावून भिंतीवर बसला होता आणि वहिनी इतक्या मोठ्यानं बोलत होती की मलाही ऐकू येत होतं.

आण्णा बोलले होते.

वहिनी चहा पाजत होती. आण्णांनी एकदम विचारलं, थोरला कुठंय? स्पष्ट. तिच्या हातून कपच पडला. तिनं सांगितलं, गडावर मुकं पाणी घेऊन गेलेत दोघं. तर आण्णा हसले आणि म्हणाले, वर काय टंचाई हाय व्हय? मग फोनकडे बोट केलं, लाव म्हणाले. वहिनीला वाटलं, एव्हाना पाणी घालून झालं असेल. तिनं फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. आण्णा हॅलो हॅलो करत राहिले. दुसऱ्यांदा लावला. घंटी संपेपर्यंत ऐकलं, मग फोन बाजूला सारला आणि वहिनीला म्हणाले,

“उचलत न्हाई.”

दादा म्हणाला, आता दे त्यांच्याकडे, दे लवकर. वहिनीनं दिला. दादा ओरडला, आण्णा, मी थोरला, बोला. पलीकडून श्वास ऐकू आला. बराच वेळ. मग ‘हं’.

उतरताना आता बोलायला मोकळे होतो, तरी आम्ही बोललो नाही. एकदाच मी न राहवून म्हणाले की तुझ्या देवीनं चांगला सूड घेतला. दादा थांबला. म्हणाला, “असं बोलू नको. तिनं दिलं. आपल्याला घेता आलं न्हाई.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कळशी त्याच्या हातून घेऊन दरीत भिरकावून द्यावीशी वाटली. पण त्याच्या पायांतून रक्त येत होतं.

घरी दादा आण्णांच्या खाटेशी जमिनीवर बसला. बोला ना, म्हणत राहिला. आण्णांनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. ओठ हलवले. दसऱ्यानंतरच्या छाटणीपर्यंत आण्णा होते. त्या दिवसानंतर शब्द आला नाही. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, असं होतं कधीकधी, एखादं वाक्य येतं आणि जातं. एवढंच. शेवटचं बोलले ते आमच्याबद्दलच, आणि तक्रारीचं बोलले.

अजून तिकडे गेले की दादा मला बागेत सापडतो. औषध फवारून हात निळे झालेले असले, तरी फोन वाजला की तो पहिल्या घंटीला तसाच उचलतो. बहुतेक फोन कर्ज नाहीतर विमा विकणाऱ्यांचेच असतात. मी खुणेनं सांगते, ठेव की. तो ठेवत नाही. समोरचं सगळं बोलून होईपर्यंत कानाला लावून उभा राहतो आणि मधे मधे म्हणतो, “बोला, बोला. ऐकतोय मी.”