मांडणीतलं अंगुस्तान

शहरातल्या एका पुरवणीत वाचलं: घरातली पुस्तकं रंगानुसार लावा, मधेमधे छोटी कुंडी ठेवा, प्रसन्न वाटतं. वाटत असेल. कुंडीला पाणी कुठलं घालायचं ते मात्र लिहिलं नव्हतं.

आमच्या उदगीरच्या घरात पुस्तकांना जागा मिळाली तीच मुळी पाणी नसल्यामुळे. त्या दुष्काळात नळाचा नेम नव्हता. टँकर आला की घरातलं प्रत्येक भांडं भरायचं. पातेली, डबे, तांबे, चहाची किटलीसुद्धा. सगळी भांडी भरून जमिनीवर बसली आणि स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलेली लोखंडी मांडणी रिकामी झाली. अव्वानं, माझ्या आईनं, ट्रंकेतली पुस्तकं काढली आणि ताटं उभी करायच्या खाचांमध्ये एकेक करून उभी केली. अप्पांनी, माझ्या वडिलांनी, कधीतरी रद्दीतून उचललेली पुस्तकं. "रिकामी मांडणी बघवत न्हाई," एवढंच ती म्हणाली.

तिनं विषय पाहिला नाही, लेखक पाहिला नाही. ज्याचा हात जिथवर पोचतो तिथं त्याचं पुस्तक. खालच्या ओळीत लेकरांची, मधल्या ओळीत बायकांची, वर अप्पांची जाडजूड. टँकरच्या रांगेत घागरी लावून बायका आमच्या सावलीला यायच्या, मांडणीतलं काहीबाही काढून वाचायच्या, घरी न्यायच्या. नेताना अंगावरची, पिशवीतली एखादी वस्तू त्या खाचेत ठेवायची, हा अव्वाचा कायदा. कुणाचा केसांचा चाप, कुणाचा चमचा, कुणाची गंजलेली किल्ली. मी म्हणायची, "अव्वा, एक वही कर की. नाव लिही, पुस्तक लिही."

"वहीत नाव लिवलं की माणूस वाचायच्या आधीच लाजतंय," ती म्हणायची. "चाप बघितला की मला माणूस दिसतंय. तुझ्या वहीत काय दिसंल?"

पाऊस पडला, भांडी रिकामी झाली, पण ताटं मांडणीत परत गेली नाहीत. त्यांना दुसरी जागा मिळाली.

तोवर मी, लातूरपासून वेगळा उदगीर जिल्हा हवा, या मागणीत पुरती बुडाले होते. आजही मागणी चूक आहे असं मला वाटत नाही. एका शिक्क्यासाठी माणसानं मजुरी बुडवून लातूरची एसटी का धरायची? सांगा ना. हे मी पत्रकांत लिहिलं, चौकात बोलले, आणि पत्रकांचे गठ्ठे ठेवायला घरात जागा शोधू लागले. शिवाय लिहिताना हवं ते पुस्तक सापडेना. अव्वा आठवडाभर ताईकडे कंधारला गेली, तेव्हा मी मांडणी हातात घेतली. इतिहास, शेती, कायदा, धर्म, कथा. पांढऱ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. खाचांमधलं सगळं किडुकमिडुक एका पिशवीत भरलं. वरची ओळ पत्रकांना. खूश होऊन मांडणीसमोर उभी राहिले, खोटं कशाला सांगू.

अव्वा आली, हातातली पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "हे काय करून ठेवलीस गं?"

"विषयवार लावलंय. आता कुणालाही सापडेल."

"आणि माणसं कुठं हायेत माझी?"

मी किडुकमिडुकाची पिशवी दाखवली. तिनं ती जमिनीवर पालथी केली. "जिल्हा लई कळतो तुला. गल्ली कळंना."

मग ती खाली बसली आणि वस्तू उचलत गेली. चाप: मास्तरीणबाई, व्रतांचं पुस्तक. चमचा: कोपऱ्यावरची मावशी, लोणच्याचं. किल्ली: रॉकेलवाल्याची सून, ते रडवणारं. एकही चुकली नाही. शेवटी एक पितळी अंगुस्तान उरलं, शिवताना बोटात घालतात ते, सुईच्या टोच्यांनी भरलेलं.

"हे तुझ्या मैत्रिणीचं," अव्वा म्हणाली. "जायच्या दिवशी आली होती. मी टँकरला होते. काय न्हेलं ते तुलाच ठाऊक."

मला ठाऊक नव्हतं. समोरच्या शिंप्याची मुलगी. दुष्काळात नवं कापड कोण शिवतंय? महिनाभर मशीन बंद राहिली आणि घर हैदराबादला गेलं. ती निरोपाला आली तेव्हा मी मोर्चात होते. त्या मोर्चाचा लांबलचक फलक तिनंच शिवला होता, याच अंगुस्तानानं, आणि शिवताना मी तिला माझी पत्रकं मोठ्यानं वाचून दाखवत होते. "जरा दमानं गं, टाका चुकतो," ती म्हणायची. मी दम घेत नव्हते. तिचा नंबर आता लागत नाही.

मी चिठ्ठ्या खरवडून काढल्या, पुस्तकं पुन्हा अव्वाच्या ओळींप्रमाणे लावली. पत्रकं खाटेखाली सरकवली. कोणतं पुस्तक कमी आहे ते आठवायला बसले, आणि कळलं की तिला काय वाचायला आवडायचं हेच मी कधी विचारलं नव्हतं. लेकरांचं? देवाचं? प्रेमाचं? एवढी वर्षं समोरासमोर दारं. बोलत मीच होते. हैदराबादेत कुठल्याशा खोलीत आमचं एक पुस्तक आहे. ते तिनं वाचलं असेल का, दुसऱ्यांदा वाचत असेल का, काहीच माहीत नाही. ते पुस्तक परत नको. ते कोणतं होतं, एवढं तिनं दारात उभं राहून सांगावं. मी गप्प बसून ऐकेन.

अव्वानं बाकीच्या खुणा आपापल्या खाचांत लावल्या. अंगुस्तान माझ्या हातात होतं. मधल्या ओळीत दोन पुस्तकं सरकवून मी एक खाच मोकळी केली आणि त्यात ते ठेवलं.

अव्वा पोळ्या लाटत होती. तिथूनच बघून म्हणाली, "तिथं कुठं पोचतोय तिचा हात? बुटकी हाय ती. खालच्या ओळीत ठेव."

मी ते खाली ठेवलं.