पन्नास मिनिटांची माळ

लताबाईला रिकामं बसता येत नसे. स्वतःच्या लग्नात, मांडवात बसल्या बसल्या, तिनं शेजारणीच्या ताटातली सुटी फुलं ओढून घेतली आणि ओवायला लागली, असं तिचा नवरा सहादू सांगायचा. "काहीतरीच बोलता," असं ती म्हणायची, पण नाकारायची मात्र नाही. देवळाली कॅम्पच्या अलीकडे, दारणा नदीच्या अंगाला त्यांचा तीस गुंठ्यांचा फुलमळा होता. सहादूनं झेंडू आणि शेवंती लावायची, लताबाईनं माळा ओवायच्या आणि कॅम्पाच्या बाजारात नाहीतर नाशिक रोडच्या स्टेशनबाहेर विकायच्या. बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, एकदा तर शाळेच्या पालकसभेतही तिच्या मांडीवर फुलांचं फडकं होतं. बाईंनी हटकलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही बोला ना, मी कानानं ऐकते, हातानं नाय."

इतक्या वर्षांत तिच्या हाताला एक ठरलेली चाल आली होती. वीतभर माळ झाली की पाच मिनिटं गेली. घड्याळ बघायची तिला गरजच पडत नसे, आणि सहादूनं मुद्दाम कितीदा तपासलं तरी ती फार चुकली नव्हती. दुसरी एक गोष्ट तिच्याबद्दल सगळ्या बाजाराला माहीत होती. ओवलेली माळ ती कधी मागे ठेवत नसे. देवालासुद्धा ती सुटी फुलंच वाहायची. माळ ही विकण्यासाठीच असते, त्यात भावनाबिवना आणायची नाही, असं तिचं रोखठोक मत होतं.

अशा बाईच्या घरी हॉकी शिरली ती फुलांच्याच वाटेनं. कॅम्पातल्या एका देवळात ती रोज सकाळी फुलं पोचवायची, बरोबर मुलगी साक्षी असायची. देवळामागच्या मैदानात जयराम हवालदार जवानांच्या पोरांना हॉकी शिकवायचे. तोफखान्यातून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण आवाज अजून नोकरीतच होता. एका सकाळी चेंडू सुसाट देवळाकडे आला आणि दहा वर्षांच्या साक्षीनं तो फुलांची पाटी आडवी टाकून जागच्या जागी थांबवला. हवालदार ओरडले, "ही कुणाची?" लताबाईला वाटलं आता पाटीवरून बोलणी बसणार. पण त्यांनी पोरीच्या हातात एक जुनी, मुठीशी तडकलेली स्टिक दिली. लताबाईनं घरी नेऊन त्या मुठीला माळेचा दोरा घट्ट गुंडाळला. तीन वर्षं साक्षी त्याच स्टिकनं खेळली.

दोन हजार तीनची दिवाळी झाली आणि दोन बोलावणी एकदम आली. एक पुण्याच्या मोठ्या लीगमधल्या एका संघाचं. हिरवं टर्फ, रंगीत जर्सी, निवड करणारी मोठी माणसं सामने बघायला येणार. दुसरं रविवारच्या लीगमधल्या नाशिक रोडच्या संघाचं. ही लीग रेल्वेच्या गावांतल्या जुन्या खेळाडूंनी हौसेनं चालवलेली. नाशिक रोड, इगतपुरी, मनमाड, भुसावळ, आणि सगळीकडे मुरुमाची मैदानं. दोन्हीकडचे सामने पन्नास मिनिटांचे आणि रविवारीच, म्हणजे एकच निवडायची होती. पुण्याला होकार किंवा नकार पंधरा डिसेंबरच्या आत कळवायचा होता. साक्षी तेरा वर्षांची होती. आणखी तीन वर्षांनी तिचं वय ह्या गटातून निघून जाणार होतं. तेवढ्या वर्षांत खेळ अंगात मुरला तर मुरला, नाहीतर राहिला.

हवालदारांचा कौल पुण्याला होता. साक्षीचा तर होताच. सहादू म्हणाला, "मला यातलं काय कळतं? तुम्ही ठरवा." हे तो मळ्यातल्या फवारणीबद्दलही म्हणायचा.

"आधी बघून येते," लताबाई म्हणाली.

पहाटेची एसटी धरून मायलेकी पुण्याला गेल्या. टर्फवर नुकतं पाणी मारलं होतं. साक्षीनं चपला काढून पाय ठेवला आणि किंचाळलीच, "आई, ओलं हाय, पण चिखल नाय!" टोपीवाले व्यवस्थापक गोड बोलणारे होते. त्यांनी साक्षीला दहा मिनिटं सरावात घेतलं, चांगली आहे म्हणाले आणि गुळगुळीत कागदाचं एक पुस्तक दिलं. पहिल्याच पानावर चषक उंचावलेली एक उंच मुलगी होती. साक्षीनं ते पुस्तक छातीशी धरलं ते धरलंच.

लताबाई मात्र जन्मभर पाटीत ताजी फुलं वर आणि कालची खाली ठेवत आली होती. वरच्या थरावर कुणाचा विश्वास बसतो आणि कसा बसतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

तिनं विचारलं, "साहेब, मागल्या साली नवीन घेतलेली पोर कोणती?"

साहेबांनी पुस्तकातल्या मुलीकडे बोट दाखवलं.

"ती नाय. सगळ्यात शेवटी घेतली ती."

साहेबांनी जरा आठवून बाकाकडे बोट केलं. सोळा नंबरची एक बारकी मुलगी तिथे गुडघ्यावर स्टिक ठेवून बसली होती. लताबाई तिच्या समोरच्या बाजूला जाऊन बसली आणि फडकं उघडलं. सामन्याची शिटी वाजली तसं तिनं ओवायला सुरुवात केली. सगळा झेंडू. ती मुलगी मैदानात उतरली की एक पांढरी शेवंती घालायची आणि बाहेर आली की दुसरी, असं तिनं मनाशी ठरवलं.

एक वीत झाली, दोन झाल्या. मध्यंतर आलं आणि गेलं. उंच मुलगी गोलावर गोल करत होती, साक्षी कठड्याला लटकून ओरडत होती आणि सोळा नंबर बाकावर होता. पाच शून्य झाल्यावर, सामना संपता संपता, मैना नावाच्या त्या मुलीला कुणीतरी हाक मारली. लताबाईनं शेवंती ओवली. मैना धावली, एकदा तिच्या स्टिकला चेंडू लागला, आणि तिला परत बोलावून दुसऱ्या कुणाला तरी सोडलं. लताबाईनं दुसरी शेवंती ओवली. दोन शेवंतींच्या मध्ये जेमतेम चार झेंडू मावले होते.

नळावर तोंड धुणाऱ्या मैनाला तिनं गाठलं. "रोजच एवढंच खेळाया मिळतं का गं?"

"नाही मावशी, कधी कधी जास्तपण मिळतं."

"घरी ठाऊक हाय?"

मैनानं ओंजळीतलं पाणी सोडून दिलं. "घरी मी सांगितलंय, मी पूर्ण मॅच खेळते म्हणून. तुम्ही कुणाला बोलू नका हं."

लताबाईला तिचं गाव माहीत नव्हतं, घर माहीत नव्हतं, बोलणार तरी कुणाला? फडक्यातली चटणी-भाकरी तिनं त्या पोरीच्या हातात ठेवली. परतीच्या गाडीत साक्षी पुस्तक पोटाशी धरून झोपली आणि लताबाईनं ती माळ हवालदारांना दाखवण्यापुरती ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली.

पुढच्या रविवारी ती एकटीच पॅसेंजरनं मनमाडला गेली. साक्षीनं यायला साफ नकार दिला होता. क्वार्टर्सच्या मागे मैदान, गोलाच्या जाळीला चार ठिकाणी सुतळीची ठिगळं, बघायला पंधरा माणसं आणि त्यातली निम्मी घरी जायच्या वाटेवरची. लताबाईनं इथेही सगळ्यात नवी पोर विचारून घेतली. साक्षीपेक्षाही चणीनं लहान, मोजे पोटरीवरून घसरणारे. पहिल्या शिटीला शेवंती घातली आणि मग झेंडूच झेंडू. त्या पोरीच्या चुकीमुळे एक गोल बसला. मार्गदर्शक तिच्यावर असे खेकसले की कावळे उडाले. पण काढणार कसे? बाकावर बसवायला दुसरं माणूसच नव्हतं. शेवटच्या वीस मिनिटांत तीच पोर त्याच जागेवर तसाच चेंडू अडवायला शिकली, हे लताबाईनं डोळ्यांनी पाहिलं. दुसरी शेवंती तिनं शेवटच्या शिटीला घातली.

संध्याकाळी ती सहादूला घेऊन हवालदारांच्या ओसरीवर गेली. साक्षीही मागून आली आणि दाराशी उभी राहिली.

हवालदारांनी ऐकून घ्यायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. "लताबाई, हॉकी आता मातीवर राहिली नाही. टर्फवर चेंडूचा वेगच निराळा. मुरुमावर खेळलेली पोर तिथं गेली की गांगरते. मी बघितलंय हे."

"तुम्ही म्हणता ते खरंच असंल," असं म्हणून तिनं दोन्ही माळा त्यांच्यापुढे खाटेवर लांब करून टाकल्या. "ही पुण्याची, ही मनमाडची. दोन्हीकडची सगळ्यात नवी पोर धरली. शेवंतीपासनं शेवंतीपर्यंत ती मैदानात."

हवालदार वाकले. पुण्याच्या माळेवरचे ते चार झेंडू त्यांनी बोटानं मोजले. मग मनमाडच्या माळेचं एक टोक धरून ते दुसऱ्या टोकापर्यंत खाटेच्या कडेनं चालत गेले.

"आणि टर्फ?" त्यांनी विचारलं. आवाज आता जरा खाली आला होता.

"टर्फ तुमच्याकडं. म्हयन्यातनं एक डाव तुम्ही तिला तिकडं न्यायचं. सामन्याला नाय, सरावाला."

"तुम्ही मला हुकूम देताय?"

"मग कुणाला देऊ?"

सहादू हसला. हवालदारही हसले असते, पण दारातून साक्षीचा आवाज आला. "तुला मला मळ्यातच ठेवायचंय. तुला पुण्याचं बघवत नाय." आणि ती पाय आपटत निघून गेली.

आठ दिवस ती आईशी बोलली नाही. जेवण वाढलं की ताट उचलून ओट्यावर जाऊन बसायची. लताबाईनं मनातलं कुणाला दाखवलं नाही, पण तिला फार भीती वाटत होती. आपण फुलं ओवणारी बाई, आपल्याला गोल आणि पेनल्टीतला फरक कळत नाही, आणि आपण पोरीची तीन वर्षं दोन माळांवर ठरवतोय. पुण्याला ती चमकलीही असती. कुणी सांगावं? पण डोळे मिटले की तिला नळावरची मैना दिसायची आणि मग तिचा निश्चय पुन्हा जागेवर यायचा. दहा डिसेंबरला नकाराचं पत्र तिनं स्वतः कॅम्पाच्या पोस्टात नेलं. पेटीच्या तोंडाशी ते क्षणभर हातात धरलं आणि आत सोडलं. त्याच दिवशी बाजारात दोन्ही माळा विकून टाकल्या. दोन्ही शिळ्या होत्या, तसं गिऱ्हाइकाला सांगून टाकलं, इतकंच.

जानेवारीत नाशिक रोडच्या मैदानावर साक्षीचा पहिला सामना झाला, समोर मनमाड. लताबाई गोलाच्या बाजूला फडकं पसरून बसली. शिटीबरोबर पहिली शेवंती घातली. दुसरी तिनं मांडीवर वेगळी काढून ठेवली.

साक्षी बिचकत खेळत होती. दुसऱ्या डावात, मनमाडनं दोन गोल केल्यावर, तिला रिकामा गोल समोर मिळाला. चेंडू पायाशी, गोलरक्षक जमिनीवर पडलेली. साक्षीनं स्टिक फिरवली आणि चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. सगळं मैदान हळहळलं. साक्षी तिथेच उभी राहिली आणि तिनं बाकाकडे पाहिलं. बाकावर ह्या वेळी एक मुलगी होती, ती उठून मोजे वर ओढायला लागली होती. लताबाईनं मांडीवरची शेवंती उचलली. सुईचं टोक देठापाशी आलं. तिचा हात उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मध्येच थांबला.

ह्या मोसमात नाशिक रोडच्या संघाला शिकवायला घेतलेले हवालदार हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी साक्षीकडे पाहिलं, मग त्या मुलीला खाली बसायची खूण केली आणि साऱ्या कॅम्पाला ऐकू जाईल असे गरजले, "बघतेस काय? चेंडू तिकडं आहे!"

साक्षी धावली. लताबाईनं शेवंती परत मांडीवर ठेवली आणि झेंडू उचलला. चार-पाच मिनिटांनी साक्षीनं कोपऱ्यातून ढकललेल्या चेंडूवर दुसऱ्या एका मुलीनं गोल केला. सामना नाशिक रोडनं दोन-एक असा गमावलाच. शेवटची शिटी वाजली तेव्हा लताबाईनं दुसरी शेवंती ओवली आणि गाठ मारली.

साक्षी आली ती खरचटलेल्या गुडघ्यानिशी. आईच्या मांडीवरची माळ तिनं उचलली, पहिली शेवंती एका हातात धरली, दुसरी शोधत शोधत हात पुरेनात म्हणून खाली बसली आणि जमिनीवर माळ सरळ केली. पाच हात भरली.

"सगळी माझी?" तिनं विचारलं. दीड महिन्यात घरातल्या कामाखेरीज ती आईशी बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं.

"सगळी तुझी."

"पुण्याची ती चार झेंडूंची पोर कोण होती गं? हवालदार सांगत होते."

"सांगते घरी," लताबाई म्हणाली आणि पदरानं तिच्या गुडघ्यावरची माती पुसू लागली.

रस्त्याच्या कडेला एक जीप थांबली होती, नवी कोरी, अजून नंबरसुद्धा न घातलेली. ड्रायव्हर उतरून मैदानात आला. पाच हातांची भरघोस माळ बघून त्याचे डोळे चमकले. "मावशी, झकास झालं. पूजेला अशीच पाहिजे होती. कशी दिली?"

लताबाईच्या ओठांवर किंमत आलीच होती. इतक्या वर्षांची सवय. तिनं साक्षीकडे पाहिलं. साक्षी माळेचं दुसरं टोक हातात धरून बसली होती.

"बाजारात बघा भाऊ," लताबाई म्हणाली. "ही विकायची नाय."