बर्फावरचा बांगडा

कुडाळहून निघताना पिशवीत आत्यासाठी कोकमं आणि माशाच्या कालवणात घालायची तिरफळं होती, आणि डोक्यात एकच बेत होता: तिला जुहूच्या जपानी हॉटेलात मासे खायला न्यायचं. भांडुपला तिच्या घरी राहूनच मी कॉलेज केलं. तेव्हा त्या हॉटेलावरून जाताना ती म्हणायची, "एकदा बघूक होया, ही लोकां माशाचा काय करतत ता." आता मला नोकरी लागली होती. काका, म्हणजे तिचे यजमान, गेल्यापासून आत्या वर्षभर फारशी बाहेर पडली नव्हती, म्हणून मी हट्टच धरला.

भांडुपहून जुहू रिक्षाने म्हणजे हाडं खिळखिळी. हॉटेलच्या दारात मधोमध कापलेला निळा पडदा (नोरेन) होता. आत पाऊल टाकताच सगळे आचारी एका सुरात ओरडले. आत्या दचकून माझ्यामागे गेली.

"स्वागत करतायत गं," मी म्हटलं.

"मगे भांडल्यासारखे कित्याक?"

काउंटरवर बर्फात मासे मांडले होते. मी टेबल शोधेपर्यंत आत्याने एका बांगड्याचा कल्ला उचलून आत लाली आहे का ते पाहिलं, आणि पोटावर अंगठाही दाबला. वाढणाऱ्या बाई धावत आल्या. "ओ मावशी, हात नाय लावायचा ना!" मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण काउंटरमागच्या आचाऱ्याने सुरी थांबवून विचारलं, "कैसा है?"

"ताजो आसा," आत्याने निकाल दिला. तो खळखळून हसला आणि तोच बांगडा आमच्यासाठी भाजायला घेतला.

आधी हात पुसायला गरम ओले रुमाल आले. मग रावसाचे कच्चे काप (साशिमी), सोबत भात आणि सूप. काप लोण्यासारखे मऊ होते, मी एकटीनेच फस्त केले. आत्या नुसता भात चिवडत होती. कच्चं नको असेल, असं मला वाटलं. मग बांगडा आला. नुसतं मीठ लावलेला, कातडी खरपूस, बाजूला मुळ्याचा कीस. आत्याने ताटली माझ्याकडे सरकवली.

"तू खा. माझे मासे बंद आसत."

मी उखडलेच. "कोणी बंद केले? काका असं कधी म्हणाले असते?"

"कोणी नाय गो."

रुमालाची घडी घालत तिने सांगितलं. आमच्याकडे नवरा गेल्यावर, सुतक फिटलं की बाईला माहेरच्या माणसाने माशाचा पहिला घास भरवायचा, मगच ती पुन्हा मासे खाते. "तुझो बापूस असतो तर धावत इलो असतो. आता माका माहेर खंय?"

माझे बाबा काकांच्या आधीच गेले. ही रीत मला कोणी सांगितली नव्हती. मासळीशिवाय जिचं पान हलायचं नाही, ती बाई वर्षभर एका घासाची वाट बघत बसली होती. मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

"आते, मगे मी कोण?"

मी जेवायच्या काड्यांनी (चॉपस्टिक्स) तुकडा उचलला, तो सूपच्या वाटीत पडला. मग काड्या बाजूला ठेवून हातानेच काटा काढला, भातात कालवून घास केला आणि तिच्या तोंडाशी नेला. आत्याने डोळे मिटून तो खाल्ला.

"तिरफळां घालूक होयी होती," ती म्हणाली आणि ताटली स्वतःकडे ओढली. डोकंसुद्धा तिने चोखून साफ केलं. वाढणाऱ्या बाईंनी न मागता आणखी भात आणून ठेवला. त्या बाईंचे, आचाऱ्याचे आणि त्या बांगड्याचेही उपकार मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या मला ठाण्याला गाडीत बसवायला आली. बाबा गेल्यापासून तिने गावाचं नावही काढलं नव्हतं. गाडी हलताना खिडकीशी चालत ती म्हणाली, "गणपतीक माका न्हेवक ये हां."

कुडाळला पोचल्यावर मी आधी आत्यासाठी मागची खोली झाडून काढली.