मिठाचा वास

बेल्याच्या आसपासच्या गावांत दोनशेच्या वर पानं उठणार असतील, तर पत्रिका छापायच्या आधी बयनाबाईंना विचारलं जातं. त्यांना तारीख जमली तर ठीक, नाहीतर पुढचा मुहूर्त. यात अतिशयोक्ती नाही. मी इथल्या शाळेत बावीस वर्षं शिक्षक आहे आणि पंगत चुकवण्याची मला सवय नाही.

साठीच्या, ठेंगण्या बयनाबाई स्वयंपाक चाखत नाहीत. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय चुलीवरच्या अन्नाला जीभ लावायची नाही, हा नियम पाळणारी आमच्याकडची शेवटची आचारीण बहुतेक त्याच. कढईजवळ उभ्या राहतात, पदरानं वाफ तोंडावर घेतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "अजून एक मूठ." पंगत उठताना म्हातारी माणसं ओरडतात, "बयनाबाई, मीठ बरोबर!" त्यांचं उत्तर ठरलेलं, "मिठाले काय, माह्यं नाक हाय ना!"

ते नाक बंद पडलंय हे मला कळलं ते जळक्या दुधामुळं. मागच्या थंडीत शाळेच्या जेवणाचं विचारायला त्यांच्या घरी गेलो, तर फाटकापाशीच करपलेला वास आला. आत बयनाबाई चुलीशेजारी बसून निवांत तांदूळ निवडत होत्या आणि पातेलं काळं पडलं होतं.

"बाई, दूध जळून राह्यलं ना!"

त्यांनी दचकून पातेल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि रडायलाच लागल्या. तीन वर्षं झाली म्हणाल्या. आधी सर्दी, मग नाक बंद, मग काहीच नाही. फोडणीचा नाही, झेंडूचा नाही. "नातीच्या टाळूचाबी वास येत नाई, सर."

"मग मीठ कसं बरोबर पडते?"

"हात चालते ना सवयीनं. पन रंजीताले सांगू नोका. वास नसलेली आचारीन कायची? कोन बलावन मले?"

रंजीता म्हणजे त्यांची सून. दर पंगतीत सासूच्या हाताखाली, तोंडातून शब्द नाही. तिच्या हाती झारा द्यायचा विचारही बयनाबाईंना सोसत नव्हता. मी चिडलो. तीन वर्षं लपवून ठेवता, दवाखान्यात काऊन नाई गेल्या? त्यावर त्यांनी भावाचं, भगवानरावाचं उदाहरण दिलं. तीस वर्षांपूर्वी त्याच्या नाकातलं मांस काढलं होतं. हातभर पट्टी आत कोंबली, ती ओढून काढताना तो बेशुद्ध पडला, आणि दोन वर्षांत मांस पुन्हा जिथल्या तिथं.

तरी आदिलाबादला नेलंच. डॉक्टर स्वरा माझ्या विद्यार्थिनी शोभाव्यात एवढ्या तरुण. त्यांनी पेन्सिलीहून बारीक दुर्बीण नाकात घातली आणि समोरच्या पडद्यावर पांढुरक्या द्राक्षांसारखे घड दिसले.

"हे माह्यात हाय?" बयनाबाईंनी विचारलं.

"दोन्हीकडं. वास वर पोचतच नाही. पूर्वी कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात दिसेल तेवढंच काढायचे. आता स्कॅनचा नकाशा समोर असतो, दुर्बीण आत जाते, आणि बारीक फिरतं पातं मांस कापतं आणि ओढूनही घेतं. चेहऱ्यावर ओरखडा नाही. हातभर पट्टीचे दिवस गेले, आजी."

"अन् वास?"

"श्वास मोकळा होईल. वास येईलच, असं वचन मी देणार नाही."

मला डॉक्टरांचा रागच आला. खोटं का होईना, हो म्हणायला काय जातं? आता वाटतं, बरं झालं म्हणाल्या नाहीत. बयनाबाईंनी मात्र आपला धंदा समजावून सांगितला, तेव्हा डॉक्टर हसल्या. "आजी, मिठाला वास नसतो."

"तुमच्या पुस्तकात नसन. मीठ कमी असलं का वाफ कच्ची येते."

घरी फक्त "नाकात मांस वाढलं, श्वास अडते" एवढंच सांगून ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी बाई घरी आल्या. मग रोज मिठाच्या पाण्यानं नाक धुणं, औषधाचा फवारा, आणि डॉक्टरांनी दिलेला गृहपाठ: सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून लवंग, लिंबू, हिंग हुंगायचं आणि जुना वास आठवायचा. पाच आठवडे मी नजरेनं विचारायचो आणि त्या नाही म्हणून मान हलवायच्या. सहाव्या आठवड्यात भर तासाला शाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, मूठ उघडली. "सर, हे लवंग हाय." मला भरून आलं. मुलांना पाढे लिहायला सांगून मी बाहेर गेलो.

हनुमान जयंतीचा भंडारा ही त्यांची ऑपरेशननंतरची पहिली पंगत. आलू-वांग्याच्या भाजीत त्यांनी नेहमीच्या हातानं मीठ टाकलं, पदरानं वाफ घेतली आणि डोळे उघडले.

"कच्ची हाय," मला हळूच म्हणाल्या. "मीठ लई कमी हाय." हात तोच होता, मुठी तेवढ्याच होत्या, तीन वर्षं टाकत होत्या तेवढ्याच. मग तीन वर्षं मीठ बरोबर कसं होतं?

"पुऱ्याइचं पाहून येते," त्या मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या आणि मला लाकडांच्या ढिगामागं ओढून नेलं.

रंजीता आली. इकडंतिकडं पाहिलं, थेंबभर रस्सा तळहातावर घेतला, फुंकला, चाटला. दोन मुठी मीठ टाकून झारा फिरवला. वळली तर समोर सासू. झारा हातातून सुटला.

"कधीपासून?"

"तीन वर्स झाले, आत्याबाई." "तुमच्याफुडं दूध जळे अन् तुमाले समजे नाई. तुमाले कसं म्हनू? लोकं तुमाले नावं ठेवतीन म्हनून मी चाखत होती. दर पंगतीच्या बाद देवाफुडं नाक घासून येते मी. पाप मले लागो, तुमाले नाई."

म्हणजे गुपित राखणारा एकटा मीच, असं समजणारा मी शुद्ध मूर्ख होतो.

बयनाबाई रागावल्या तर भर देवळात सुनेची शोभा होणार, हे मला दिसत होतं. त्या खाली वाकल्या, झारा उचलला, पदरानं पुसला आणि रंजीताच्या हातात दिला.

"तीन वर्स मारुती जेवला, काई बोलला नाई. मी कोन बोलनारी? ये अशी जवळ. वाफ घे. आता कशी येते, ते ध्यानात ठेव."

दोघी कढईवर वाकल्या. मग नैवेद्य गेला, पंगत बसली, उठली. म्हाताऱ्या चंपत पाटलांनी हात धुता धुता नेहमीप्रमाणं आवाज दिला, "बयनाबाई, मीठ बरोबर!"

त्या चुलीपाशी उभ्या होत्या. साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मिठाले काय, माही सून हाय ना!"